नकळत सावकार झालेल्या ग्राहकांच्या वतीने : एक खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय, भारत सरकार;
माननीय मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण;
माननीय अध्यक्ष, भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ;
नवी दिल्ली.

विषय : विद्युत उपकरणांची साखळी दुकाने बंद पडल्यावर ग्राहकांच्या आगाऊ पैशांचे काय होते, याबाबत.

महोदय,

मी सातारा शहरात राहते. एका नागरी सहकारी पतसंस्थेत एकतीस वर्षे नोकरी करून मी मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांतली बरीच वर्षे ठेवी आणि वसुली या दोन टेबलांवर गेली. धनको कोण, ऋणको कोण, आणि पैसे कमी पडले की यादीतल्या कोणाला आधी आणि कोणाला शेवटी मिळतात, हे मला कोणी शिकवावे लागलेले नाही. असे असूनही ज्या दुकानातून मी घरचा फ्रिज घेतला त्या दुकानाला मी कर्ज देऊन बसले आहे, हे मला त्याचे शटर खाली आल्यानंतर समजले. ज्या बाईने आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले तिची ही गत असेल, तर इतरांची काय असेल, या विचाराने हे पत्र लिहिते आहे.

अनेक जिल्ह्यांत शाखा असलेल्या त्या साखळी दुकानाचे नाव मी देत नाही, कारण दिवाळखोरीचे प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आहे आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या एका मालकापुरते नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या पाडव्याला, आम्ही तिथून ३८,५०० रुपयांचा फ्रिज घेतला. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने आग्रह केला, "काकू, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे, पुढची तीन वर्षे आमच्याकडून घ्या आणि निर्धास्त राहा." त्या निर्धास्तपणाचे ३,९९० रुपये मी वेगळे मोजले. मार्च २०२४ मध्ये निरोपसमारंभाला सहकाऱ्यांनी मला त्याच दुकानाची दोन-दोन हजारांची तीन गिफ्ट कार्डे दिली. मेमध्ये अक्षय्य तृतीयेला मुलीसाठी वॉशिंग मशीन पसंत केले, तिच्या नव्या घराचा ताबा मिळायचा होता म्हणून ५,००० रुपये भरून ते राखून ठेवले. जूनमध्ये दुकान बंद झाले.

हिशेब केला तर १४,९९० रुपये होतात. ही रक्कम गेल्याने माझी चूल बंद पडणार नाही, हे मी आधीच सांगते. पण हे तिन्ही व्यवहार नीट पाहिले तर त्यांत एकही वस्तू माझ्या घरी आलेली नाही. तिन्ही वेळा दुकानाने पैसे आज घेतले आणि वस्तू किंवा सेवा उद्या देतो असे सांगितले. वॉरंटीच्या बाबतीत तर तो 'उद्या' नोव्हेंबर २०२४ ला उजाडणार होता, म्हणजे सेवा सुरू होण्याच्या पाच महिने आधीच सेवा देणारा नाहीसा झाला. आमच्या पतसंस्थेच्या भाषेत याला ठेव म्हणतात. फरक इतकाच, की ठेवीदाराला आपण ठेव ठेवतो आहोत हे माहीत असते, त्याला पावती आणि व्याज मिळते, आणि कुठे ठेवायची हे तो चार जणांना विचारून ठरवतो.

आता तक्रारी क्रमाने मांडते.

सर्वांत मोठी तक्रार वाढीव वॉरंटीची आहे. वस्तू बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी दुकान बंद पडले तरी कायम राहते, बिल दाखवले की कंपनीचे सेवा केंद्र दुरुस्ती करून देते. हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम लिहिते. पण दुकान स्वतःच्या नावाने जी वाढीव वॉरंटी विकते, तिच्यामागे केवळ त्या दुकानाचा शब्द असतो. विमा कंपनीला आपल्या देण्यांच्या प्रमाणात जादा मालमत्ता राखावी लागते, विमा नियामकाने त्यासाठी दीडपटीचे गुणोत्तर ठरवून दिले आहे. मोडण्याच्या भीतीपोटी आगाऊ पैसे घेणे हे कामाच्या स्वरूपाने विम्याच्या जवळचेच असले, तरी दुकानाच्या वॉरंटीला असा कोणताही राखीव निधी ठेवावा लागत नाही. पाडव्याला घेतलेले माझे ३,९९० रुपये बहुधा त्याच महिन्याच्या भाड्यात आणि जाहिरातीत गेले असतील. जानेवारी २०२५ मध्ये फ्रिजचा कंट्रोल बोर्ड गेला. काँप्रेसरवर कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी आहे, बोर्डवर नाही. त्यामुळे ६,२०० रुपये पदरचे गेले. जाता जाता एक सांगायचे म्हणजे त्या ३,९९० रुपयांत अठरा टक्के जीएसटी होता. जी सेवा सुरूच झाली नाही, तिच्यावरचा सहाशे रुपयांहून अधिक कर मात्र सरकारजमा झाला.

अमेरिकेत 'सर्किट सिटी' ही प्रचंड साखळी नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मार्च २००९ पर्यंत तिची उरलेली ५६७ दुकाने बंद झाली. तिथल्या वाढीव वॉरंट्यांमागे वेगळी कंपनी उभी असल्यामुळे दुकाने गेली तरी त्या वॉरंट्या चालू राहिल्या. तेव्हा ही व्यवस्था अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

गिफ्ट कार्डांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण त्यात देणाऱ्याचा मानही अडकलेला असतो. माझ्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून रोख पैसेच कार्डांत बदलले होते. बँकेने दिलेल्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. पण जे कार्ड ज्याने काढले त्याच्याच दुकानात चालते ते 'बंद व्यवस्थे'त मोडते, आणि अशा कार्डांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नाही, असे तिचे २०२१ चे प्रीपेड साधनांविषयीचे निर्देशच सांगतात. म्हणजे कोणत्याही दुकानाने कितीही कार्डे छापावीत, कितीही पैसे गोळा करावेत आणि ते कसेही वापरावेत. ऑस्ट्रेलियातील 'डिक स्मिथ' ही १९६८ साली सिडनीत सुरू झालेली साखळी जानेवारी २०१६ च्या पहिल्याच आठवड्यात कोसळली, तेव्हा नाताळात भेट मिळालेली कार्डे हातात घेऊन लोक दुकानांपुढे उभे होते. कार्डे स्वीकारली जाणार नाहीत आणि आगाऊ रकमाही परत मिळणार नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. दुकाने मात्र त्यानंतरही काही महिने माल विकत होती. ब्रिटनमध्ये 'मॅपलिन'च्या कार्डांचे २०१८ मध्ये असेच झाले. आमच्याकडे शेवटच्या पंधरा दिवसांत दाराशी 'क्लिअरन्स सेल'चा फलक होता, तेव्हाही माझे कार्ड 'सिस्टीम बंद आहे' म्हणून परत केले गेले. रोख पैसे घेणारी सिस्टीम चालू होती.

त्या सेलमधल्या बिलांवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण तिसाव्या दिवशी दुकानच नसेल, तर हे कलम कोणाला दाखवायचे?

दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूंविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने असून ग्राहकाला त्याचा पत्ता नाही. आमच्या शेजारच्या आजींचा मिक्सर त्या दुकानाच्या सेवा काउंटरवर होता. रक्कम लहान, पण तो त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून घेतलेला. दुकानाला न्यायालयाचे सील लागले आहे, आता मिक्सरही 'केस'मध्ये गेला, असे त्यांना बाहेरच्या पहारेकऱ्याने सांगितले. वास्तविक दुरुस्तीला दिलेली वस्तू ही भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निक्षेप, म्हणजे काम झाल्यावर परत घेण्यासाठी सोपवलेली वस्तू, ठरते. तिची मालकी दुकानाकडे कधी जातच नाही. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १८ मध्ये निक्षेप म्हणून ठेवलेल्या दुसऱ्याच्या वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत असे स्पष्ट आहे, आणि कलम ३६ मध्ये अवसायनाच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकण्याच्या, टप्प्यालाही तेच सांगितले आहे. तो मिक्सर आजींचाच आहे. प्रश्न एवढाच, की तो फडताळातून काढून त्यांच्या हातात कोण देणार? अमेरिकेत 'फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स' या साखळीने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एका रात्रीत आपली सगळी दुकाने कायमची बंद केली. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी केलेल्या कितीतरी मराठी अभियंत्यांना हे दुकान परिचयाचे असेल. असे अचानक टाळे लावणाऱ्यांनीसुद्धा दुरुस्तीला आलेल्या वस्तू परत नेण्यासाठी कोणाला कळवायचे, ते त्याच दिवशी जाहीर केले होते.

मशीनसाठी भरलेल्या रकमेत माझे पाच हजारच अडकले. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी टीव्ही शून्य व्याजाच्या हप्त्यांवर घेतला. कर्ज मंजूर झाले, कर्ज देणाऱ्या कंपनीने दुकानाला पैसे दिले, टीव्ही आला नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो. हप्ता थांबवला तर पत-गुणांक बिघडतो, आणि पत-गुणांक बिघडला की घरकर्ज मिळत नाही. एकाच काउंटरवर, एकाच सहीने झालेला हा व्यवहार कागदावर मात्र दोन वेगळे करार ठरतो. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतकायद्यातील कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूच्या बाबतीत क्रेडिट कार्ड देणारी कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. त्यामुळे २०१२ च्या नोव्हेंबरात तिथली २३६ दुकानांची 'कॉमेट' साखळी बुडाली, तेव्हा कार्डाने पैसे भरलेल्या ग्राहकाला मागायला दुसरे दार होते. आपल्याकडच्या शिक्षकाला असे दार नाही.

बिलांचेही एक दुखणे आहे. साखळी दुकानांची बिले थर्मल कागदावर छापली जातात आणि वर्षभरात त्यावरची अक्षरे उडून जातात. "काळजी करू नका, तुमच्या मोबाइल नंबरवर सगळे सेव्ह आहे," असे सांगितले जाते, आणि दुकान बंद होताच ते 'सगळे' बंद होते. बिल नसले की कंपनीची शिल्लक असलेली वॉरंटी मिळवतानाही ग्राहक अडतो. तो साठा पुढे कोणाच्या हाती जातो हेही पाहिले पाहिजे. 'रेडिओशॅक' ही अमेरिकी साखळी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा लिलावाला काढलेल्या मालमत्तेत कोट्यवधी ग्राहकांची माहितीही होती, आणि अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी हरकत घेतल्यावर त्यातली बरीचशी नष्ट करण्याचे ठरले. आपला वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा आहे. माझा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता दुकानाच्या खुर्च्या-टेबलांबरोबर विकला जाणार नाही, याची लेखी हमी मला आजवर कोणीही दिलेली नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या यादीकडे येते. संहितेच्या कलम ५३ मध्ये बुडालेल्या कंपनीचे पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे ते दिले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण असलेले धनको, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे पगार, मग विनातारण वित्तीय धनको (म्हणजे तारण न घेता कर्ज देणारे), मग सरकारची देणी, आणि त्यानंतर 'उर्वरित देणी'. माझी वॉरंटी, माझी कार्डे आणि माझे पाच हजार या सहाव्या पायरीवर आहेत. माझ्यामागे फक्त कंपनीचे भागधारक उभे आहेत. कामगार आणि कर्मचारी माझ्या पुढे आहेत याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मला वॉरंटी विकणारा तो मुलगा ऑगस्टमध्ये रस्त्यात भेटला तेव्हा त्याचा तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि त्यालाच माझी माफी मागाविशी वाटत होती. वॉरंटी खपवण्याचे रोजचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर होते, दुकानाचे ताळेबंद त्याने कधी पाहिले नव्हते. बँकेने मात्र ते पाहिले होते. तारण घेऊन, हिशेब तपासून, धोका तोलून जिने कर्ज दिले ती रांगेत पुढे, आणि फ्रिजच्या बिलावर सही करणारी मी मागे, हा क्रम मला वसुली विभागातली माणूस म्हणूनही न्याय्य वाटत नाही.

रांगेत उभे राहणेसुद्धा सोपे नाही. दावे मागवणारी जाहीर सूचना इंग्रजीत आणि एका प्रादेशिक भाषेत प्रसिद्ध होते, पण ती प्रामुख्याने कंपनीचे नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालय जिथे असेल तिथल्या वृत्तपत्रांत. अन्य ठिकाणी द्यायची की नाही, हे न्यायाधिकरणाने कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या हंगामी व्यावसायिकाच्या मतावर असते. दाव्यासाठी त्याच्या नेमणुकीपासून चौदा दिवसांची मुदत असते. नंतर येणारे दावे कारण देऊन घेतले जातात, म्हणून माझा घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एका प्रकरणात माल वा सेवेसाठी आगाऊ रक्कम देणाऱ्यालाही परिचालन धनको, म्हणजे माल-सेवेच्या व्यवहारातला येणेकरी, मानले. त्यामुळे साध्या ग्राहकाने फॉर्म 'बी' भरायचा की 'इतर धनकों'चा फॉर्म 'एफ', हे विचारायलाही वकील गाठावा लागतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, घराजवळच्या जिल्हा आयोगात ती करता येते; ही २०१९ च्या कायद्याची फार चांगली देणगी आहे. पण न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेताच कलम १४ चा स्थगनकाळ, म्हणजे कंपनीविरुद्धचे दावे थांबवणारा काळ, सुरू होतो आणि कंपनीविरुद्ध ते दार बंद होते.

असे प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) व्हिडिओकॉन समूहाची 'नेक्स्ट', फ्यूचर समूहाची 'ईझोन', एस्सारची 'द मोबाइल स्टोअर' ही एके काळी शहराशहरांत दिसणारी दुकाने होती. (मी ज्या दुकानाविषयी लिहिते आहे ते यांपैकी नव्हे.) मोठ्या पाट्या उतरतात हे आता आपण गृहीतच धरले पाहिजे आणि कायदाही तसाच असला पाहिजे. घर खरेदीदारांच्या बाबतीत सरकारने २०१८ मध्ये हेच मान्य केले आणि घरासाठी भरलेल्या पैशांना वित्तीय कर्जाचा दर्जा दिला. अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेत ग्राहकाच्या आगाऊ रकमेला ठरावीक मर्यादेपर्यंत अग्रक्रम आहे. ब्रिटनच्या विधी आयोगाने २०१६ मध्ये दुकानांच्या दिवाळखोरीत अडकणाऱ्या ग्राहकांच्या आगाऊ पैशांवरच स्वतंत्र अहवाल दिला. आपल्याकडे या विषयाला अजून नावही मिळालेले नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. विक्रेत्याने स्वतःच्या नावाने विकलेल्या वाढीव वॉरंटीची रक्कम सेवेचा काळ संपेपर्यंत वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावी किंवा तिच्यामागे विमा असावा, आणि यांपैकी काय आहे ते बिलावर मराठीत, म्हणजेच त्या-त्या राज्याच्या भाषेत, छापावे.

२. एकाच दुकानात चालणाऱ्या गिफ्ट कार्डांची शिल्लक ठरावीक रकमेपुढे गेली की तीही विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक करावे. 'क्लिअरन्स सेल' चालू असेपर्यंत कार्ड नाकारता येऊ नये.

३. कलम ५३ मध्ये ग्राहकांच्या आगाऊ रकमांना, माणशी मर्यादा घालून, कर्मचाऱ्यांच्या पगारानंतर लगेचचे स्थान द्यावे.

४. वस्तू मिळालीच नसेल तर त्या वस्तूसाठी दिलेल्या कर्जाचे हप्ते थांबावेत आणि ग्राहकाच्या पत-गुणांकावर त्याचा परिणाम होऊ नये, यासाठी मंत्रालयाने रिझर्व्ह बँकेशी बोलावे.

५. दुरुस्तीला दिलेल्या वस्तू नेमणुकीपासून तीस दिवसांत परत देण्याचे वेळापत्रक प्रत्येक शाखेच्या दारावर लावण्यास मंडळाने व्यावसायिकांना सांगावे. दाव्याची सूचनाही प्रत्येक शाखेच्या दारावर आणि दुकानाकडे नोंदलेल्या प्रत्येक मोबाइलवर संदेशाने जावी. जाहिरातींचे संदेश ज्या यादीवर जात होते तीच यादी वापरावी. ग्राहकांसाठी एका पानाचा एकच फॉर्म असावा.

६. दुकान बंद झाल्यावर किमान पाच वर्षे ग्राहकांना आपली बिले मिळवता येतील अशी सोय करावी आणि त्यांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय विकू नये.

यांपैकी पाचव्या मागणीसाठी संसदेत जाण्याची गरज नाही. मंडळाच्या एका परिपत्रकाने ती पुरी होईल आणि शेजारच्या आजींना मिक्सर परत मिळेल. म्हणून तिच्यावर आधी निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
सातारा.

सोबत : १) दाव्याच्या अर्जाची प्रत. २) तीन गिफ्ट कार्डांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स. ३) फ्रिजचे व वाढीव वॉरंटीचे बिल (मूळ कागदावरील अक्षरे उडाल्याने मजकूर हाताने उतरवून जोडला आहे).